सिएम रीप : राजविहार आणि त्याच्या सावलीतील मुले

कंबोडिया देशाच्या वायव्य भागात, तोन्ले साप या विस्तीर्ण सरोवराच्या उत्तरेस सिएम रीप हे शहर वसलेले आहे. ‘सयामचा पराभव’ असा या नावाचा अर्थ परंपरेने सांगितला जातो. मुंबईहून बँकॉकमार्गे येणारा प्रवासी आता 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या नव्या विमानतळावर उतरतो. हा विमानतळ शहरापासून 40 किलोमीटरांहून अधिक दूर असल्यामुळे देशाचे पहिले दर्शन शहरात न घडता खेड्यांत घडते. दुतर्फा भातशेती, शेताच्या बांधांवर उंच ताडाची झाडे, कमळांची तळी आणि पुराच्या पाण्यापासून बचाव व्हावा म्हणून खांबांवर उभारलेली लाकडी घरे. घराखालच्या सावलीत झोळणा टांगलेला असतो आणि त्यात बहुधा एखादे मूल निजलेले असते.

सांगलीचे हळदीचे एक व्यापारी, त्यांच्या पत्नी आणि वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी त्यांची नात जानेवारी महिन्यात याच रस्त्याने सिएम रीपला पोहोचली. तिघांचे हेतू तीन होते. आजींना अंगकोरची मंदिरे पाहायची होती. नातीला तेथील एका अनाथालयात दोन आठवडे सेवा करायची होती. त्यासाठी एका मध्यस्थ संस्थेकडे शुल्क भरून तिने आपले नाव आगाऊ नोंदविले होते. आजोबांच्या मातोश्रींची 25 वी पुण्यतिथी त्याच महिन्यात येत होती. नात जेथे सेवा करणार, तेथेच मातोश्रींच्या नावाने काही रक्कम द्यावी, असा संकल्प त्यांनी केला होता आणि त्या रकमेचे पाकीट कोटाच्या आतल्या खिशात ठेवले होते.

जैन प्रवाशांसाठी हा देश सोपा नाही. माशांपासून बनविलेला ‘प्रहोक’ नावाचा आंबवलेला पदार्थ आणि माशांचेच एक पातळ द्रावण बहुतेक स्थानिक पदार्थांत असते. भाजीचा रस्सा दिसायला निरुपद्रवी असला तरी विचारल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. शहरात भारतीय उपाहारगृहे आहेत, आणि आजींच्या पिशवीत मेतकूट, दशम्या व शेंगदाण्याची चटणीही होती. मंदिरे सायंकाळी साडेपाचच्या सुमारास बंद होतात आणि जानेवारीत सूर्य सहाच्या आसपास मावळतो. त्यामुळे निवासस्थानी घाईने परतून सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नेम कुटुंबाने पहिल्या दिवसापासून पाळला.

अंगकोर वाट हे मंदिर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात राजा दुसरा सूर्यवर्मन याने विष्णूसाठी उभारले. 1986 ते 1993 या काळात, जेव्हा फारसे परदेशी तज्ज्ञ कंबोडियात पाऊल ठेवत नव्हते, तेव्हा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने या मंदिराच्या जतनाचे काम केले. त्याच विभागाचे अभियंते पुढे ता प्रोह्म या दुसऱ्या मंदिरात कामाला लागले. महावृक्षांच्या मुळांनी कवेत घेतलेल्या भिंतींची जी छायाचित्रे जगभर दिसतात, ती याच मंदिराची.

ता प्रोह्मचे मूळ नाव राजविहार. राजा सातवा जयवर्मन याने 1186 मध्ये ते आपल्या मातेला अर्पण केले. मंदिरातील प्रज्ञापारमितेची प्रतिमा मातेच्या रूपात घडविली होती. तेथील संस्कृत शिलालेख म्हणजे एका अर्थाने जमाखर्चाची वहीच आहे. मंदिराच्या सेवेस लावलेली गावे 3,140 आणि सेवेकरी माणसे 79,365, असा त्यात हिशेब आहे. धान्य, सोने, वस्त्रे यांची मोजदाद आहे. राज्यभर चालविल्या जाणाऱ्या 102 आरोग्यशाळांचा उल्लेखही त्याच लेखात आहे. वाटाड्याने ही माहिती सांगितली, तेव्हा आजोबा बराच वेळ त्या जागी उभे राहिले. आठशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मुलाने आईच्या नावाने दान केले आणि त्याचा आकडा न् आकडा दगडावर कोरून ठेवला, ही गोष्ट व्यापाऱ्याच्या मनाला भिडणारी होती.

नातीचे अनाथालय शहराच्या कडेला एका लाल मातीच्या रस्त्यावर होते. फाटकातून आत पाऊल टाकताच दहा-बारा मुले धावत आली. पाच-सहा वर्षांची एक मुलगी तिच्या कडेवर चढली आणि सायंकाळपर्यंत उतरली नाही. नातीचे डोळे भरून आले. पहिल्या भेटीत असे प्रेम तिने कोठे अनुभवले नव्हते.

पुढील दोन दिवसांत तिला काही गोष्टी दिसल्या. तिचे ओळखपत्र कोणी पाहिले नव्हते. ती कोण, कोठली, मुलांना सांभाळण्याचा तिला काय अनुभव, हे कोणी विचारले नव्हते. तिने इंग्रजीची मुळाक्षरे शिकवायला घेतली, तेव्हा मुलांनी ती एका सुरात म्हणून दाखविली आणि पुढचे गाणेही स्वतःच सुरू केले. आधीच्या प्रत्येक स्वयंसेवकाने तेथूनच आरंभ केला होता. कडेवर बसणाऱ्या मुलीच्या मनगटावर रंगीत दोऱ्यांची सात कडी होती. ती कोणी बांधली, असे विचारताच मुलीने देशांची नावे सांगितली. माणसांची नावे तिला आठवत नव्हती.

तिसऱ्या सायंकाळी आजी-आजोबांना निमंत्रण आले. मुलांनी अप्सरानृत्य केले. पाहुण्यांच्या तीन रांगा होत्या आणि दाराशी काचेची दानपेटी होती. नृत्य संपल्यावर आजोबांनी चालकांची भेट घेतली आणि पाकीट बाहेर काढण्यापूर्वी, पन्नास वर्षांच्या सवयीने, तीन गोष्टी पाहायला मागितल्या : गतवर्षीचा जमाखर्च, मुलांच्या पालकांची नोंदवही आणि कर्मचाऱ्यांच्या पगाराचा तक्ता. चालकांनी हसतमुखाने छायाचित्रांचा एक जाडजूड अल्बम पुढे ठेवला. त्यात देणगीदार होते, केक होते, फुगे होते. आजोबांनी तो शेवटच्या पानापर्यंत पाहिला, नमस्कार केला आणि पाकीट खिशातच राहू दिले.

परतताना रेमोर्क हाकणाऱ्या तरुणाने सहज बोलता बोलता सांगितले की, ती लहान मुलगी त्याच्या मावशीच्या गावची. तिची आई सरोवराच्या पलीकडे भातशेतीवर मजुरी करते आणि एप्रिलमध्ये, ख्मेर नववर्षाला, मुलीला भेटायला येते. गावात येऊन कोणीतरी सांगितले होते की, शहरात शाळा आहे, दोन वेळचे जेवण आहे. आईने मुलगी पाठविली. त्या तरुणाच्या स्वरात तक्रार नव्हती; जणू तो पावसापाण्याची गोष्ट सांगत होता.

ही गोष्ट एका मुलीची नाही, हे आकड्यांवरून दिसते. 17 एप्रिल 1975 ते 7 जानेवारी 1979 या काळात ख्मेर रूज राजवटीत सुमारे 17 लाख माणसे उपासमारीने, रोगांनी आणि हत्याकांडांत मृत्यू पावली, असा अंदाज आहे. त्या वेळी देशाची लोकसंख्या 80 लाखांच्या आसपास होती. तेव्हा अनाथ मुले खरोखरच होती आणि आश्रयस्थानांची गरजही खरी होती. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका झाल्या, हळूहळू शांतता आली, पर्यटक येऊ लागले. युद्ध मागे पडत गेले तशी अनाथालये कमी व्हायला हवी होती. घडले उलट. युनिसेफच्या माहितीनुसार 2005 ते 2010 या पाच वर्षांत देशातील अशा संस्था 75 टक्क्यांनी वाढल्या. त्यांतील चारपैकी जवळजवळ तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. 2015 च्या सरकारी पाहणीत 406 निवासी संस्था आणि त्यांत साडेसोळा हजारांवर मुले आढळली.

व्यापारी माणसाला याचा उलगडा करण्यास अर्थशास्त्राचा ग्रंथ लागत नाही. जेथे मागणी असते तेथे पुरवठा निर्माण होतो. मागणी मुलांची नव्हती. मुलांना मदत केल्याच्या समाधानाची होती. परदेशी पाहुणा शुल्क भरून ते समाधान विकत घेऊ लागला, म्हणून खेड्यापाड्यांतून मुले आणली जाऊ लागली. सगळ्याच संस्था अशा नव्हत्या आणि नाहीत. ज्यांना खरोखर कोणीही नाही अशा मुलांना सचोटीने वाढविणारी माणसेही तेथे आहेत. परंतु काही ठिकाणी मुले मुद्दाम दैन्यात ठेवली जात, कारण गुबगुबीत मुलासाठी दानपेटी उघडत नाही, हेही अनेक अभ्यासकांनी व पत्रकारांनी उजेडात आणले आहे.

2011 मध्ये फ्रेंड्स-इंटरनॅशनल या संस्थेच्या चाइल्डसेफ चळवळीने ‘मुले ही पर्यटनस्थळे नव्हेत’ अशा आशयाची मोहीम याच देशात सुरू केली. कंबोडिया सरकारने संस्थांतील 30 टक्के मुले 2018 पर्यंत कुटुंबांत परत पाठविण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने आधुनिक गुलामगिरीविषयी चौकशी केली, तेव्हा अनाथालयांच्या नावाखाली होणाऱ्या मुलांच्या व्यापाराचा स्वतंत्र विचार झाला. 2019 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही बालहक्कांवरील ठरावात अनाथालयांतील अशा स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल घेतली.

मानसशास्त्राचे जाणकार आणखी एक गोष्ट सांगतात. जे मूल पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाच्या गळ्यात पडते, त्याचा तो केवळ प्रेमळ स्वभाव नसतो. एकच माणूस रोज जवळ असावा ही बालमनाची भूक असते. दर पंधरवड्याला नवे माणूस येते, जीव लावते आणि निघून जाते. मग मूल कोणालाही बिलगायला शिकते आणि कोणावरही विसंबायचे नाही हेही शिकते.

त्या रात्री निवासस्थानाच्या ओसरीवर आजोबांनी नातीला स्वतःची एक गोष्ट सांगितली. ती आजींना ठाऊक होती, नातीला नव्हती. आजोबा आठ वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. मातोश्री कवलापूरच्या बाजूला लोकांच्या शेतात हळद शिजवायच्या कामावर जात. गावात चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून समाजाच्या बोर्डिंगमध्ये मुलाची सोय झाली. दक्षिण महाराष्ट्रात 1899 पासून जैन सभेचे काम सुरू झाले आणि त्यातून विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी राहिली. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले. त्या परंपरेतील ते एक लहानसे वसतिगृह होते.

“आई दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एसटीने यायची,” आजोबा म्हणाले. “फडक्यात दोन भाकऱ्या आणि गुळाचा खडा. अधीक्षक तिला खुर्ची द्यायचे आणि म्हणायचे, ‘या आई, मुलाचे गुण बघा.’ दिवाळीला आणि मे महिन्यात मला घरी पाठवायचेच. मला कोणी अनाथ म्हटलं नाही, बाळ. आणि कोणा देणगीदारापुढे कोणी नाचायला लावलं नाही.”

नात गप्प होती. थोड्या वेळाने तिने विचारले, “पण आजोबा, मी उद्यापासून गेले नाही तर तिला काय वाटेल? ती दारात उभी असते.”

“उभी असेलच. तुझ्याआधी सात जणींसाठी उभी राहिली. तू अकरा दिवसांनी गेलीस तरी आठवं कडं बांधूनच जाणार.”

“म्हणजे मी चूक केली?”

“चूक नाही केलीस. आपण दोघांनीही न विचारता माल घेतला. मी धंद्यात असं कधी केलं नाही, धर्मात केलं.”

दुसऱ्या दिवशी नात अनाथालयात गेली. न सांगता नाहीसे होणे तिला पटेना. चालक तरुणाच्या मदतीने तिने त्या मुलीला सांगितले की, ती आता घरी जाणार आहे आणि परत येणार नाही. मुलगी रडली नाही. मान हलवून दुसऱ्या पाहुणीकडे गेली. त्या न रडण्याचेच नातीला अधिक दुःख झाले. मनगटावर बांधायला आणलेला दोरा तिच्याच पिशवीत राहिला. तेथून निघाल्यावर तिने बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या संस्थेच्या दूरध्वनी केंद्राशी संपर्क साधून जे पाहिले ते क्रमाने सांगितले. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून, पाहिलेली पाहिलेली म्हणून. पुढे काय झाले हे त्या कुटुंबाला कळलेले नाही. कदाचित एप्रिलमध्ये आई आली असेल आणि मुलगी तिच्याबरोबर सरोवरापलीकडे गेली असेल. कदाचित नसेलही.

उरलेल्या दिवसांत त्यांनी सिएम रीप नव्या नजरेने पाहिले. जुन्या बाजाराजवळ, जेथे रात्री उशिरापर्यंत दिव्यांचा झगमगाट असतो, तेथे मुले चित्रकार्डे व कडी विकतात. मुलाकडून घेतलेली प्रत्येक वस्तू त्याला शाळेपासून एक दिवस दूर ठेवते, कारण कमाई करणारे मूल घरच्यांना शाळेत पाठविणे परवडत नाही. कडेवर तान्हे मूल घेतलेली एखादी बाई पैसे न मागता दुधाच्या भुकटीचा डबा मागते. प्रवासी द्रवतो, दुकानातून महागडा डबा घेऊन देतो. प्रवासी वळल्यावर तोच डबा पुष्कळदा दुकानात परत जातो आणि पैसे वाटले जातात. आजोबांनी ही रीत ऐकून मान डोलावली. एकच पोते दहा वेळा विकण्याची कला जगात सर्वत्र असते. त्यात दोष बाईच्या गरिबीचा नव्हे, आणि तान्ह्या मुलाचा तर नव्हेच.

तरीही मदतीचे मार्ग बंद झालेले नाहीत. बत्तामबांग येथे 1994 मध्ये निर्वासितांच्या छावणीतून परतलेल्या नऊ तरुणांनी मुलांसाठी चित्रकलेची शाळा सुरू केली. ‘फारे पोनलू सेलपाक’ हे तिचे नाव. संगीत, नाट्य आणि कसरत शिकलेले तिचे विद्यार्थी 2013 पासून सिएम रीपमध्ये सर्कशीचे खेळ करतात. त्या सर्कशीत एकही प्राणी नाही. कलाकार प्रौढ असून त्यांना कामाचा मोबदला मिळतो आणि उत्पन्नाचा वाटा शाळेला जातो. आजींनी आयुष्यात प्रथमच सर्कस निश्चिंत मनाने पाहिली.

मुलांच्या दोन मोठ्या रुग्णालयांनी तर या शहराचे ऋण फेडले आहे. एक, जपानी छायाचित्रकार केन्रो इझू यांच्या पुढाकाराने 1999 मध्ये उघडलेले अंगकोर बालरुग्णालय. आणि दुसरे, त्याच वर्षीचे, स्विस डॉक्टर बीट रिश्नर यांच्या कंथा बोफा संस्थेचे. या दुसऱ्या रुग्णालयाला आरोग्यशाळा उभारणाऱ्या सातव्या जयवर्मनचेच नाव दिलेले आहे. तेथे मुलांवर विनामूल्य उपचार होतात. रिश्नर 2018 मध्ये निवर्तले. ते दर शनिवारी चेलो हे वाद्य वाजवून पर्यटकांना आवाहन करीत : तरुणांनी रक्त द्यावे, वडीलधाऱ्यांनी पैसे द्यावेत आणि मधल्या वयाच्या लोकांनी दोन्ही द्यावे. अंगकोरचे एका दिवसाचे प्रवेशपत्र 37 डॉलरचे आहे. त्यातील 2 डॉलर याच रुग्णालयांना जातात. म्हणजे या कुटुंबाने पहिल्याच सकाळी, नकळत, योग्य ठिकाणी दान केले होते.

जाण्याच्या आदल्या दिवशी नातीने त्या रुग्णालयात रक्त दिले. आजोबांचे वय रक्तदानाच्या मर्यादेपलीकडचे होते. त्यांनी खिशातील पाकीट तेथील खिडकीत दिले. समोरच्या कर्मचारी स्त्रीने नोटा दोनदा मोजल्या, मातोश्रींचे नाव अक्षर अक्षर विचारून घेतले आणि क्रमांक घातलेली पावती दिली. कोणी मूल बोलावले नाही, कोणी छायाचित्र काढले नाही. पडद्यामागे कोणा मुलाच्या शिरेत ते रक्त जाईल, त्याचे नाव नातीला कधी कळणार नाही आणि त्या मुलाला तिचे. त्याची आई मात्र खाटेशेजारी बसलेली असेल.

शास्त्राने आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत, आणि दात्याच्या ठायी श्रद्धेबरोबर विवेकही अपेक्षिला आहे. परदेशी सेवेला निघालेल्या जैन घरांतील तरुण-तरुणींची संख्या वाढत असताना या विवेकाला नवे काम आले आहे. संस्था मुलांना घरी परत पाठविण्याचा प्रयत्न करते काय? आई-वडिलांना केव्हाही येता येते काय? येणाऱ्या स्वयंसेवकाची चौकशी होते काय? जे काम आपण करणार, ते करू शकणारा तेथलाच माणूस बेरोजगार बसलेला नाही ना? आणि हिशेब मागितल्यावर वही पुढे येते की अल्बम? उधारीवर दहा पोती देताना जो माणूस एवढे विचारतो, त्याने मुलाच्या आयुष्यात पाऊल टाकताना ते विचारू नये, असे कोणत्याही धर्मात सांगितलेले नाही.

सांगलीला परतल्यावर नातीने ती पावती घरच्या धर्मादाय वहीत लावली. तारीख, रक्कम आणि पणजीचे नाव लिहिल्यावर खर्चाच्या रकान्यात काय लिहावे, असे तिने आजोबांना विचारले. आजोबा म्हणाले, “औषधदान लिही.” तिने तसे लिहिले. मग खालच्या ओळीत, रकमेचा रकाना मोकळा सोडून, तिने त्या लहान मुलीचे नाव लिहिले. आजोबांनी ते पाहिले आणि वही मिटली.